हिवताप, उंदीर आणि क्ष-किरण



क्ष-किरणांचे प्रकरण शिकवताना मी दर वर्षी फळ्यावर एक गणित करून दाखवतो. सबंध शरीरावर ५ ग्रे इतकी मात्रा पडली तर उपचारावाचून माणूस बहुधा काही आठवड्यांत दगावतो. ग्रे म्हणजे एका किलोग्रॅममागे एक ज्यूल ऊर्जा. आता आपले शरीर बव्हंशी पाण्याचेच आहे असे धरा. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. म्हणजे या प्राणघातक मात्रेने शरीर तापते ते अवघे ०.००१२ अंशाने! गरम चहाच्या एका घोटाबरोबर याहून अधिक ऊर्जा आपल्या पोटात जाते.

गेल्या वर्षी हे गणित संपल्यावर एका विद्यार्थिनीने लागोपाठ दोन प्रश्न विचारले. "सर, मग माणूस मरतो तरी कशाने?" आणि "रोगजंतूला मारायला किती ग्रे लागतात?" पहिल्याचे उत्तर मला ठाऊक होते. दुसऱ्याचे शोधण्यासाठी ग्रंथालयात जाऊन बसलो आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात जात हिवतापाच्या परोपजीवीपाशी पोहोचलो. मी पदार्थविज्ञान शिकवणारा. जीवशास्त्र माझ्या वाटचे नव्हे. पण या परोपजीवीला सुमारे १०० ग्रे मात्रा देतात, म्हणजे माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या वीसपट, आणि तरीही तो हालचाल करीत राहतो, असे वाचल्यावर पुस्तक खाली ठेववेना. शिवाय त्या अर्धमेल्या परोपजीवीने उंदरांना हिवतापापासून वाचवले होते.

ही हकीकत समजायची तर आधी परोपजीवीचा प्रवास थोडक्यात पाहू. ॲनॉफेलीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर काही डझन परोपजीवी कातडीत उतरतात. या रूपाला स्पोरोझॉइट म्हणतात. आकार बारीक चंद्रकोरीसारखा, लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा थोडी अधिक, चाल सेकंदाला एक-दोन मायक्रोमीटर. कातडीतून वाट काढीत तो रक्तवाहिनी गाठतो, रक्ताबरोबर यकृतात जातो आणि तिथल्या एका पेशीत शिरून बसतो. त्या पेशीत एकाचे हजारो होतात. उंदराच्या एका परोपजीवीत हे काम दोन दिवसांत उरकते. माणसाच्या सर्वांत घातक परोपजीवीला, फाल्सिपेरमला, सुमारे आठवडा लागतो, पण एका स्पोरोझॉइटपासून तीस हजारांच्या घरात प्रजा तयार होते. एकाला पंधरा वेळा दुप्पट करा, ३२,७६८ येतात. या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही. मग ती यकृतपेशी फुटते, प्रजा रक्तात सांडते, तांबड्या पेशींत शिरते, त्या फोडून पुन्हा नव्या पेशींत शिरते आणि तेव्हा कुठे थंडी वाजून ताप भरतो.

पहिल्या मुक्कामातली संख्या पाहा. चावताना आलेले काही डझन स्पोरोझॉइट हा शत्रू सर्वांत कमी संख्येने असण्याचा काळ. इथेच त्याला गाठले तर रोग होणारच नाही. मात्र शंभरापैकी नव्व्याण्णव मारले आणि एक निसटला, तर त्या एकाचेच आठवड्यात तीस हजार होतात. गोवराच्या लशीने काही विषाणू निसटू दिले तरी शरीर पुढे सावरून घेते. इथे तशी सवलत नाही.

चिमणी, कोंबडी आणि काँगोचा उंदीर

माणसाला मुद्दाम हिवताप आणून असल्या गोष्टी तपासता येत नाहीत, निदान सुरुवातीला तरी नाही. म्हणून या विषयाचा बहुतेक इतिहास प्राण्यांच्या अंगावर लिहिला गेला. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्याला डासातून परोपजीवी कसा पसरतो ते सिद्ध केले, ते चिमण्यांसारख्या पक्ष्यांवर प्रयोग करून. स्पोरोझॉइट निष्प्रभ करून टोचावेत ही कल्पनाही पक्ष्यांवरच वाढली. १९४१-४२ च्या सुमारास मलिगन, रसेल आणि मोहन या संशोधकांनी कोंबड्यांच्या हिवतापाचे स्पोरोझॉइट जंबुपार किरणांनी निष्प्रभ करून कोंबड्यांना टोचले. हे काम आपल्याच देशात, निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत चालले होते. काही प्रमाणात संरक्षण मिळाले. पण पक्ष्यांच्या शरीरात हा परोपजीवी यकृतपेशींत वाढत नाही, दुसऱ्याच पेशींत वाढतो. त्यामुळे तिथले उत्तर माणसाला जसेच्या तसे लावता येईना.

हवा होता तो सस्तन प्राणी, आणि तोही प्रयोगशाळेत सहज पाळता येण्याजोगा. १९४८ मध्ये बेल्जियन काँगोतील कटांगा भागात व्हिन्के आणि लिप्स यांना झुडपांत राहणाऱ्या एका रानउंदराच्या रक्तात असा परोपजीवी सापडला. त्याचे नाव प्लास्मोडियम बर्घेई. तो पांढऱ्या उंदरांत वाढू लागला आणि प्रयोगशाळांना हवे ते मिळाले. एक गंमत लक्षात ठेवा: ज्या रानउंदराचा तो मूळ पाहुणा, त्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, पांढरा उंदीर मात्र त्याने मरतो. शेकडो पिढ्या एकत्र काढलेल्यांचे संबंध निराळे आणि अचानक गाठ पडलेल्यांचे निराळे.

पण एक अडचण बरीच वर्षे सुटली नाही. रोगी उंदराचे रक्त दुसऱ्या उंदराला टोचले की हिवताप होई. प्रयोगशाळेतल्या डासांकडून मात्र तो नीट पसरेना. डासांत परोपजीवी वाढे, पण त्याचे स्पोरोझॉइट उंदराला लागण करीत नसत. कारण निघाले ते अगदी आपल्या विषयातले: तापमान. कटांगातील ते रान उंचावर आहे आणि ओढ्याकाठच्या दाट झाडीत थंडावा असतो. न्यूयॉर्क विद्यापीठात मायर योएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या वर्षांत डासांची खोली २१ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून थोडी खाली ठेवली, आणि त्या डासांचे स्पोरोझॉइट उंदरांना लागण करू लागले. इतकी वर्षे डास नव्हे, तापमापक बघायला हवा होता! प्रयोगवहीत तापमान लिहायचा कंटाळा करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आता ही गोष्ट सांगतो.

एक्क्याहत्तरावा नव्हे, प्रत्येक फटका मोजायचा

त्याच विद्यापीठात रूथ नुसेन्झवाइग काम करीत होत्या. १९२८ साली व्हिएन्नात जन्म. नाझींच्या छळामुळे लहानपणीच कुटुंबाबरोबर देश सोडून ब्राझीलला गेल्या आणि तिथे डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बर्घेईच्या स्पोरोझॉइटांवर क्ष-किरण सोडले, ते स्पोरोझॉइट उंदरांना टोचले आणि काही दिवसांनी त्याच उंदरांना ताजे, धडधाकट स्पोरोझॉइट दिले. साध्या उंदरांपैकी बहुतेकांना हिवताप झाला. लस टोचलेल्यांपैकी कितीतरी उंदीर सुटले. पुढे मात्रा पुन्हा पुन्हा टोचल्यावर हे संरक्षण जवळजवळ पूर्ण झाले.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नांकडे वळू, कारण दोन्हींचे उत्तर एकच आहे. क्ष-किरण पेशीला तापवून मारत नाहीत. ते डीएनए तोडतात. पेशीत प्रथिनांचे रेणू हजारोंनी असतात. दहा बिघडले तर बिघडोत. डीएनएची प्रत मात्र एक किंवा दोन. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी असे समजा. शिडीचे दोन्ही बांबू एकाच जागी तुटले की दुरुस्ती अवघड होते.

माणसाच्या पेशीत या शिडीच्या सुमारे ६४० कोटी पायऱ्या असतात आणि एका ग्रेमागे साधारण ४० ठिकाणी दोन्ही बांबू तुटतात. म्हणजे ५ ग्रेला प्रत्येक पेशीत २०० तुटी. स्पोरोझॉइटाची शिडी अवघी दोन कोटी पायऱ्यांच्या आसपास. लक्ष्य लहान, म्हणून फटकेही कमी: एका ग्रेला सरासरी एक-अष्टमांश तूट. १०० ग्रे दिल्यावर बारा. स्पोरोझॉइटात गुणसूत्रे १४ असतात. तेव्हा जवळजवळ प्रत्येक गुणसूत्राला एक फटका बसला. दुरुस्तीसाठी ताडून पाहायला त्याच्याकडे दुसरी प्रतही नसते.

हा माझा ढोबळ हिशोब आहे, जीवशास्त्रज्ञ तो अधिक बारकाईने करतील. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. फटके पावसाच्या थेंबांसारखे कुठेही पडतात. सरासरी बारा म्हटले तरी एखादा नशीबवान स्पोरोझॉइट एकही फटका न खाता सुटतो. बारावीच्या विद्यार्थ्यांनी घातांकी फल वापरून पाहावे: सरासरी १२ असताना असे सुटणारे दहा लाखांत सुमारे ६ निघतात. मात्रा निम्मी केली, सरासरी ६ झाली, तर दहा लाखांत सुमारे २,५००! निम्म्या मात्रेची लस टोचणे म्हणजे हिवतापच टोचणे. मात्रा कमी पडली की उंदरांना रोग होतो, हे प्रयोगातही दिसले.

मग मात्रा भरपूर वाढवून सगळे पक्के का मारू नयेत? इथे खरा चमत्कार आहे. मात्रा फार वाढवली की संरक्षण मिळेनासे होते. मेलेले स्पोरोझॉइट टोचले तरी तेच. योग्य मात्रा मिळालेला स्पोरोझॉइट पोहतो, यकृत गाठतो, पेशीत शिरतो, वाढायलाही लागतो. फक्त डीएनएच्या प्रती काढायची वेळ आली की अडकतो. तो त्या पेशीत अडकून पडणे, हेच शरीराला शिकवते. काय शिकवते?

पहारेकरी कोण?

पहिला संशय प्रतिपिंडांवर आला. रोगजंतूच्या अंगावरील विशिष्ट रेणूला नेमके चिकटणारे हे रक्तातले प्रथिन. लस टोचलेल्या उंदराचे रक्तजल ताज्या स्पोरोझॉइटांत मिसळले की त्यांच्या मागच्या टोकाला शेपटीसारखा एक धागा लोंबू लागे. प्रतिपिंडे चिकटलेले आवरण तो अंगरख्यासारखे मागे टाकीत होता. त्या आवरणातील मुख्य प्रथिनाला पुढे सर्कमस्पोरोझॉइट प्रथिन असे लांबलचक नाव पडले. आपण त्याला आवरण-प्रथिन म्हणू. १९८० मध्ये याच गटाने या प्रथिनाला चिकटणारे एकाच वाणाचे प्रतिपिंड तयार केले. नुसते ते टोचले तरी उंदीर वाचू शकत होते. कोडे सुटले असे कोणालाही वाटावे.

पण तीन वर्षे आधीच, १९७७ मध्ये, एक विसंगत निकाल नोंदवला गेला होता. जन्मापासून विशिष्ट उपचार करून काही उंदरांची प्रतिपिंडे बनवण्याची शक्तीच रोखण्यात आली आणि मग त्यांना क्ष-किरण दिलेले स्पोरोझॉइट टोचले. प्रतिपिंडे नसतानाही ते उंदीर वाचले! उलट ज्या उंदरांत टी-पेशी नव्हत्या ते वाचले नाहीत. टी-पेशी म्हणजे यौवनलोपी ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या पेशी. १९८७ आणि १९८८ मधील प्रयोगांनी बोट आणखी नेमके ठेवले. टी-पेशींतील मारक पेशी, ज्यांना सीडी-८ म्हणतात, तेवढ्याच काढून टाकल्या की लस घेतलेल्या उंदरांचे संरक्षण नाहीसे होई. त्या पेशींच्या कामी येणारे गामा इंटरफेरॉन हे द्रव्य निकामी केले तरी तसेच.

आता स्पोरोझॉइट जिवंत का हवा, ते उलगडते. प्रतिपिंड पेशीबाहेरचा शत्रू पकडते. यकृतपेशीत शिरलेला त्याच्या हाती लागत नाही. मात्र आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चालले आहे त्याचे नमुने, प्रथिनांचे बारीक तुकडे, आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. मारक पेशी घरोघर फिरून हे नमुने तपासतात आणि परका दिसला की ती पेशी नष्ट करतात. मेलेला स्पोरोझॉइट यकृतपेशीत शिरतच नाही, म्हणून नमुना मांडला जात नाही आणि मारक पेशी नीट तयार होत नाहीत. तांबड्या रक्तपेशीत तर केंद्रकच नाही, आणि नमुने मांडण्याची ही व्यवस्थाही नाही. तेव्हा परोपजीवी तिथे पोहोचला की मारक पेशींना तो दिसेनासा होतो. क्ष-किरण दिलेल्या स्पोरोझॉइटांनी संरक्षित झालेल्या उंदराला रोगी रक्त टोचले तर त्याला हिवताप होतोच, त्याचे कारण हेच.

मारक पेशींचे काम सोपे नाही. उंदराच्या यकृतात सुमारे दहा कोटी यकृतपेशी. त्यांत परोपजीवी असलेल्या मूठभर, आणि मुदत दोन दिवसांची. किती मारक पेशी लागतील? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २००८ मध्ये हे मोजले. बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या उंदराच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत शेकडा एकाहून अधिक पेशी केवळ या एका कामासाठी तयार असतील, तेव्हा संरक्षण मिळते. कितीतरी विषाणूंना याच्या शतांशाने पुरते. माणसाचे यकृत उंदराच्या हजारपट जड. प्रमाण तेच ठेवायचे म्हटले तरी मारक पेशींची फौज हजारपट उभी करावी लागेल. उंदरात सहज जमलेले माणसात का जमत नाही, याचा अंदाज या एका गुणाकाराने येतो.

सी-५७ या काळ्या उंदरांच्या जातीत तर याहूनही अधिक पेशी लागतात. या काळ्या उंदरांनी आणखी एक धडा दिला. बर्घेईची 'अंका' नावाची जात त्यांना झाली की ते सहा ते दहा दिवसांत झटके येऊन मरतात. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. तीच लागण झालेले पांढरे बाल्ब-सी उंदीर असे मरत नाहीत, ते पुढे रक्तक्षयाने मरतात. काळ्या उंदरांच्या मेंदूत ही हानी करण्यात हात कोणाचा? सीडी-८ मारक पेशींचा! त्या काढून टाकल्या की उंदीर या मरणातून वाचतात. यकृतात जो राखणदार, तोच मेंदूत घातक. माणसाच्या मेंदूच्या हिवतापात या पेशींचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. एका जातीच्या उंदरावरून साऱ्या उंदरांबद्दलही बोलता येत नाही, मग माणसाबद्दल दमानेच बोलावे.

उंदरापासून बाळापर्यंत

माणसावर ही पद्धत चालते हे १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड आणि सहकाऱ्यांनी मेरीलँड विद्यापीठात दाखवले. डासांवरच क्ष-किरण सोडायचे आणि ते डास स्वयंसेवकांना चाववायचे. पुढच्या प्रयोगांत चांगल्या संरक्षणासाठी हजाराहून अधिक चावे लागतात असे दिसले. आता हजार डास घेऊन खेड्याखेड्यांतून कोण फिरणार? आणि गरज तर मोठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालची मुले.

म्हणून शास्त्रज्ञांनी सोपी वाट धरली. संपूर्ण स्पोरोझॉइटाऐवजी त्याचे आवरण-प्रथिन घ्यायचे. फाल्सिपेरमच्या या प्रथिनाची जनुकीय माहिती १९८४ मध्ये हाती आली. त्याचा एक भाग काविळीच्या बी-विषाणूच्या प्रथिनाला जोडून आरटीएस-एस ही लस १९८७ पासून घडवली गेली. मोठ्या आफ्रिकी चाचणीत चार मात्रा मिळालेल्या लहान मुलांमध्ये चार वर्षांत हिवतापाचे प्रसंग सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. १९६७ च्या उंदरांपासून मोजले तर चोपन्न वर्षे. त्याच धर्तीची आर-२१ ही लस ऑक्सफर्डमध्ये रचली गेली आणि ती तयार होते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. या दोन्ही लशी फाल्सिपेरमवरच्या आहेत. आपल्या देशात पुष्कळ आढळणाऱ्या व्हायव्हॅक्सवर त्यांचा उपयोग नाही.

आणि या दोन्हींचा भर मुख्यतः प्रतिपिंडांवर आहे. स्पोरोझॉइट कातडीतून यकृतात पोहोचेपर्यंतच्या थोड्या वेळात त्याला पकडायचे, म्हणून रक्तात प्रतिपिंडे फार मोठ्या प्रमाणात लागतात आणि ती ओसरली की संरक्षणही ओसरते. उंदराने दाखवलेली दुसरी वाट, यकृतातल्या मारक पेशींची, लशीत अजून नीट उतरलेली नाही.

त्या वाटेवर २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांना एक महत्त्वाची खूण सापडली. काही मारक पेशी रक्ताबरोबर फिरतच नाहीत. त्या यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांतच मुक्काम ठोकून गस्त घालतात. उंदरांत नेमक्या याच पेशी काढून टाकल्या की लशीचे संरक्षण गेले. म्हणजे रक्त तपासून ज्यांची मोजदाद होते त्या पेशी कदाचित खऱ्या पहारेकरी नव्हेत. आता अडचण अशी, की स्वयंसेवकाच्या दंडातून रक्त सहज काढता येते. यकृताचा तुकडा लस टोचल्यावर दर महिन्याला कोण काढू देईल? म्हणून मेलबर्नला काय आणि न्यूयॉर्कला काय, पहारेकऱ्यांची मोजणी अजून उंदराच्याच यकृतात चालते, आणि डासांच्या खोलीतला तापमापक आजही विसाच्या आसपासच ठेवावा लागतो.